एम.फार्म प्रोजेक्ट नोंदी: सीआरएफ, एनपीवाय आणि मिस्त्रीची पट्टी

१८ जून २०२४, मंगळवार

एथिक्स कमिटीची परवानगी आली एकदाची. फॉर्म बी दोनदा परत आला होता, दुसऱ्यांदा तर फक्त "इतके प्राणी कशाला" या एका प्रश्नासाठी, आणि खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता, मी चार ग्रुप गुणिले आठ करून मोकळी झाले होते, आठच का याचं कारण काहीच लिहिलं नव्हतं. आता ३२ रॅट मेन प्रयोगाचे आणि १२ पायलटचे, म्हणजे आधीच्या सरावाचे, सगळे विस्टार जातीचे, सगळे नर. एक जरी जास्त लागला तरी पुन्हा मीटिंग.

प्रोजेक्ट काय आहे ते इथे एकदा लिहून ठेवते, नंतर व्हायवाला उपयोगी पडेल. दोन पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. एक सीआरएफ, कॉर्टिकोट्रॉपिन रिलीझिंग फॅक्टर, ४१ अमिनो आम्लांचं, १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या टीमने वेगळं केलं, त्यासाठी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसचे ४,९०,००० तुकडे लागले, हा आकडा मी दोनदा तपासला कारण मला वाटलं शून्य जास्त पडलंय. दुसरं एनपीवाय, ३६ अमिनो आम्लं, १९८२, ताटेमोटो, डुकराच्या मेंदूतून. सुरुवातीलाही टायरोसिन आणि शेवटीही टायरोसिन, टायरोसिनचं एकाक्षरी नाव वाय, म्हणून न्यूरोपेप्टाइड वाय. सीआरएफ मेंदूत सोडलं की रॅट दबकतो, एनपीवाय सोडलं की धीट होतो. दोघांची गाठ पडते अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या ठाण्यात, तिथल्या बेसोलॅटरल भागातल्या पेशींमध्ये आयएच नावाचा एक करंट आहे तो सीआरएफने वाढतो आणि एनपीवायने कमी होतो, म्हणजे एकच दोरी आणि दोन्ही टोकांना ओढणारे. मला बघायचंय की आधी एनपीवाय देऊन ठेवलं तर नंतरच्या सीआरएफचा परिणाम किती उतरतो. म्हणून चार ग्रुप: नुसतं सलाईन (मिठाचं पाणी), नुसतं सीआरएफ, नुसतं एनपीवाय, आणि एनपीवाय आधी सीआरएफ नंतर.

यात नवीन काहीच नाही, हे आधी झालेलं आहे. मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, म्हणाल्या, "अगं एम.फार्मला शोध लावायचा नसतो, हात बसवायचा असतो." बरं.

अजून एक, मॅडमनी पहिल्याच ड्राफ्टमध्ये "भीती" शब्दावर सगळीकडे लाल रेघा मारल्यात. चिंतासदृश वर्तन लिहायचं. रॅटने आपल्याला सांगितलेलं नाही की मला भीती वाटते, आपण फक्त तो फळीवर किती सेकंद होता ते मोजलं. या वहीत मात्र मी भीतीच लिहिणार.

२१ जून, शुक्रवार

तुर्भ्याला मिस्त्रीकडे जाऊन आले. रॅटला ज्यावर सोडून भीती मोजायची त्या रेडीमेड मेझची कोटेशन बघून मॅडम नुसत्या हसल्या, म्हणून लाकडाचा करून घ्यायचा. मोबाईलवर चित्र दाखवलं: अधिकचं चिन्ह, चार फळ्या, प्रत्येक ५० सेंटीमीटर लांब १० रुंद, समोरासमोरच्या दोन फळ्यांना ४० उंच भिंती, बाकीच्या दोन उघड्या, आणि सगळं प्रकरण जमिनीपासून ५० सेंटीमीटर वर. मिस्त्री म्हणाला काय आहे ताई हे, देव्हारा? मी म्हटलं उंदराची परीक्षा आहे, त्याला आडोसा आवडतो पण नवीन जागा हुंगायची खाजही असते, तर तो आडोशाला बसतो की उघड्यावर येतो ते बघायचं, पाच मिनिटं. त्याने पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "आणि पडला तर?" मी म्हटलं पडत नाही सहसा.

सनमायका काळा, पण मॅट, चकचकीत नको असं तीनदा सांगितलं. चकचकीत असला की रॅटला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं.

२९ जून, शनिवार

मेझ आला. टेम्पोवाल्याने गेटवर सोडला, मी आणि ज्युनिअरने दोन मजले चढवला. फिनिशिंग मस्त, सांधे एकदम घट्ट, मॅट काळा.

आणि दोन्ही उघड्या फळ्यांच्या कडेने अर्धा सेंटीमीटर उंच पट्टी. कुठेच सांगितली नव्हती. फोन केला तर मिस्त्री म्हणाला, "ताई, पडेल बिचारा. पट्टीचे पैसे लावले नाहीत मी."

काय बोलणार यावर. अडचण अशी आहे की ही पट्टी म्हणजे किरकोळ गोष्ट नाही, यावर फाइल यांच्या लॅबचा १९९६ चा पेपरच आहे, कडेला पट्टी असली की रॅट उघड्या फळीवर जास्त जातात, मिशीला आणि पायाला कड लागते ना, तेवढाच आधार. म्हणजे मिस्त्रीने दयेपोटी माझं भीतीमापक थोडं धीट करून ठेवलंय.

मग मॅडमसोबत तासभर डोकेफोड, आणि त्यात एक गोष्ट कळली जी मला आधी कळायला पाहिजे होती. सीआरएफचा परिणाम बघायचा तर साधे सलाईनवाले रॅट बऱ्यापैकी बाहेर येणारे हवेत, नाहीतर कमी काय होणार, शून्याच्या खाली कोण जातं. एनपीवायचा परिणाम बघायचा तर उलट, साधे रॅट आत बसणारे हवेत, नाहीतर वाढणार काय. माझ्या एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही आहेत. म्हणजे सलाईनचा ग्रुप मधोमध आणून ठेवायचा, वर जायलाही जागा आणि खाली यायलाही. ठरलं असं की पट्टी राहू दे, उजेड थोडा वाढवायचा, रॅट पांढरे आहेत, लाल डोळ्यांचे, त्यांना उजेड नकोच असतो. पायलटमध्ये जमवू.

८ जुलै, सोमवार

पाऊस. पहाटेपासून कोसळतोय, ठाण्याला ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवर दीड तास उभी राहिले, एक पनवेल लोकल आली ती हललीच नाही. शेवटी घरी परत. अ‍ॅनिमल हाउसच्या काकांना फोन केला तर ते रात्रीपासून तिथेच आहेत, म्हणाले "तुमच्या पोरांनी खाल्लंय, तुम्ही खा." आज हँडलिंग नाही. रोज पाच मिनिटं हातात घ्यायचं असतं टेस्टच्या आधी आठवडाभर, एक दिवस तुटला.

१२ जुलै, शुक्रवार

पायलट १. सर्जरी नाही, पेप्टाइड नाही, नुसते सहा रॅट आणि मेझ. मध्यभागी ठेवायचा, तोंड उघड्या फळीकडे, दार लावून बाहेर यायचं, वरच्या कॅमेऱ्यातून बघायचं. दोन रॅटच्या मध्ये अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं, आधीच्याचा वास राहिला तर पुढचा त्यावरूनच ठरवतो.

निकाल भयंकर. पहिला रॅट भिंतीत शिरला आणि शेवटच्या कोपऱ्यात जाऊन ३०० सेकंद बसला, नुसता बसला, अंगही चाटलं नाही. दुसरा तसाच. तिसरा मध्यापर्यंत आला, मान लांब करून उघड्या फळीवर नाक टेकवलं, मागचे पाय आतच, असं ताणून उभा राहिला साधारण चार सेकंद आणि रबर सोडल्यासारखा मागे गेला, परत आलाच नाही. त्या ताणून उभं राहण्याला स्ट्रेच-अटेंड म्हणतात, जायचंय पण जायचं नाही अशी अवस्था, दहावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडताना माझी होती तशी. चौथा, पाचवा, सहावा काही बोलायलाच नको.

पट्टी असून ही गत. उजेड ज्युनिअरच्या मोबाईल अ‍ॅपवर १०० लक्सच्या आसपास दाखवतोय, म्हणजे अंगावर येणारा नाही. हँडलिंग झालंय, एक दिवस सोडला तर. खोलीत तासभर आधी आणून ठेवले होते. मग काय?

आणि हे सहा आता वाया. मेझची परीक्षा एकदाच असते, दुसऱ्यांदा त्याच मेझवर त्याच रॅटला ठेवलं तर डायझेपामसारखं भीती कमी करणारं हमखास औषधसुद्धा चालत नाही, पहिल्या फेरीतच तो काहीतरी शिकून बसलेला असतो. आपल्याला निदान एटीकेटी तरी होती.

१५ जुलै

मॅडमना व्हिडिओ दाखवले. "हे सलाईनसुद्धा न दिलेले रॅट आहेत?" एवढंच म्हणाल्या.

१९ जुलै, शुक्रवार

ट्रेनमध्ये वाचन. घणसोलीपर्यंत उभी, मग जागा मिळाली.

सीआरएफबद्दल एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाहीये. रॅटला त्याच्या स्वतःच्या पिंजऱ्यात, ओळखीच्या जागी, मेंदूत सीआरएफ दिलं तर तो जास्त हालचाल करतो, इकडे तिकडे, अंग चाटणं, हुंगणं. तेच पेप्टाइड देऊन त्याला नवीन मोकळ्या जागेत टाकलं तर उलट, दबकून राहतो, कडेला चिकटतो. १९८२ पासून माहीत आहे हे. मी आतापर्यंत समजत होते की सीआरएफ म्हणजे भीतीचा रेणू आणि एनपीवाय म्हणजे धीराचा रेणू, दोन बाटल्या दोन लेबलं. तसं नाहीये ते. सीआरएफ बहुतेक एवढंच सांगतं की जागा हो, आणि जागं झाल्यावर पळायचं का लपायचं ते आजूबाजूला काय आहे त्यावर.

आणि हे फक्त स्ट्रेस हार्मोनच्या साखळीतून होत नाही. सीआरएफ मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला, हे पुस्तकातलं झालं. पण पिट्युटरी काढून टाकलेल्या रॅटमध्येही सीआरएफने हालचाल वाढते, म्हणजे मेंदूच्या आत त्याचं स्वतंत्र दुकान आहे.

पेप्टाइड सुटतात कधी तेही बघितलं. ग्लुटामेट, गाबा वगैरे पेशींमधले नेहमीचे निरोपे छोट्या पुड्यांमध्ये असतात, पेशी जराशी फायर झाली की सुटतात. पेप्टाइड मोठ्या गडद पुड्यांमध्ये, आणि त्या उघडायला पेशी भराभर, बराच वेळ फायर व्हावी लागते. म्हणजे ग्लुटामेट रोजचा स्वयंपाक आणि पेप्टाइड म्हणजे लग्नघरात बोलावलेला आचारी, घरात माणसं वाढल्याशिवाय त्याला कोणी फोन करत नाही. मग नुसत्या शांत रॅटला एनपीवाय देऊन काय दिसणार, आणि आधीच घाबरून बसलेल्या रॅटला सीआरएफ देऊन काय दिसणार. २९ तारखेची डोकेफोड परत आली फिरून.

२३ जुलै, मंगळवार

सापडलं!! बहुतेक.

टेस्ट रूमच्या बाजूला पिंजरे धुवायची खोली आहे, मधलं दार नीट लागत नाही, खालून फुगलंय पावसाने. आज तिथे बाटल्या धुवायला गेले तर सिंकच्या वरच्या प्लगमध्ये एक पांढरी डबी, साबणाच्या डबीएवढी, निळा दिवा लुकलुकतोय. आधी वाटलं ऑल-आउट. जवळ जाऊन बघते तर वर उंदराचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

उंदीर पळवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र. अ‍ॅनिमल हाउसमध्ये.

काकांना बोलावलं. ते एकदम शांतपणे म्हणाले, "ते बाहेरच्यांसाठी लावलंय, आतल्यांसाठी नाही." झालं असं की पावसात गटारातून घुशी-उंदीर वर येतात, गोडाऊनमधल्या खाद्याच्या गोण्या फोडल्या, कोणीतरी मेन्टेनन्सला तक्रार केली, त्यांनी बिल्डिंगभर ही यंत्रं लावली, तळमजल्यापासून आमच्यापर्यंत. जूनच्या शेवटी. कोणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही, मी त्या सिंकवर रोज हात धुतेय महिनाभर.

आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही, रॅटला त्याच्या कितीतरी वर, ८० च्या आसपासपर्यंत येतं. ते आपसात बोलतातच तिथे, धोका वाटला की २२ किलोहर्ट्झला लांबलचक ओरडतात, मजेत असले की ५० च्या आसपास बारीक चिवचिव. म्हणजे आपल्याला जी खोली शांत वाटते तिच्यात रॅटसाठी कोणीतरी मिक्सर चालू ठेवलेला असू शकतो. ज्युनिअर म्हणाला मोबाईलवर रेकॉर्ड करून बघू, पण फोन सेकंदाला ४८ हजार वेळा मोजतो म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्याला कळणारच नाही, ते यंत्र काय काढतंय ते आमच्याकडे मोजायला काही नाही.

डबी काढली, काकांच्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पूर्ण मजल्यावर अजून तीन निघाल्या.

२४ जुलै

मॅडमना सांगितलं, आधी हसल्या मग गप्प झाल्या. "अगं पण तुला माहीत आहे का ते त्याच्यामुळेच होतं?" नाही माहीत. अल्ट्रासाऊंड भिंतीतून फारसा जात नाही, फटीतून किती येतो कोणास ठाऊक. नीट बघायचं तर सहा रॅट यंत्र चालू, सहा बंद, पण ते प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नाही, म्हणजे करायचं नाही. त्यामुळे थिसिसमध्ये मी फक्त एवढंच लिहू शकते की सापडलं आणि काढलं.

२६ जुलै, शुक्रवार

पायलट २, उरलेले सहा. सहापैकी चार बाहेर आले. ९ नंबर तर उघड्या फळीच्या टोकापर्यंत गेला, कडेवरून डोकं खाली घालून जमीन बघितली, एक पुढचा पाय मिस्त्रीच्या पट्टीवर. वळताना मागचा पाय घसरला, पट्टीने धरला.

कबूल करते की मी मॉनिटरसमोर टाळी वाजवली. दोघे अजूनही कोपऱ्यातच. पण बाहेर-आत दोन्हीकडे जागा आहे, हेच पाहिजे होतं. यंत्र, की पाऊस कमी, की माझा हात बसला, की सहाच्या सहा वेगळे, काही सांगता येत नाही. पुढे जायचं.

५ ऑगस्ट, सोमवार

सर्जरी सुरू. पहिल्या बॅचचे १६, रोज तीन-चार.

भुलीचं केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे दुहेरी कुलूप, रजिस्टर, मॅडमची सही, किती काढलं किती उरलं. केटामिन ८० आणि झायलाझिन १० मिलीग्रॅम किलोला. डोकं स्टिरिओटॅक्सिकमध्ये, म्हणजे डोकं पक्कं धरणाऱ्या चौकटीत धरायचं, कानाच्या पट्ट्या दोन्हीकडून सारख्या बसल्या की एक हलकासा टक आवाज येतो, तो आला नाही तर परत. चामडी बाजूला केली की कवटीवर शिवण दिसते, आडवी आणि उभी जिथे भेटतात तो ब्रेग्मा, तिथून ०.८ मिलीमीटर मागे, १.४ बाजूला, ड्रिल, आणि मग कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, हळूहळू खाली लॅटरल व्हेंट्रिकलपर्यंत, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत. कॅन्युला धरून ठेवायला तीन बारीक स्क्रू आणि त्यावर डेंटल सिमेंट. स्क्रू कंपनीचे मागवले तर महिना लागतो, मी जांभळी नाक्याजवळच्या एका घड्याळजीकडून स्टीलचे आणले, त्याने भिंगातून एकेक मोजून कागदाच्या पुडीत दिले आणि विचारलं कुठल्या घड्याळाला लागतात एवढे. खरं सांगितलं असतं तर पुन्हा दिले नसते.

रात्री घरी आई म्हणाली, गणपती महिन्यावर आलेत आणि तू उंदराच्या डोक्याला भोकं पाडतेस. तिला सांगितलं की वेदनाशामक देतो, मेलोक्सिकॅम, तीन दिवस. ती म्हणाली ते तुला देतील का कोणी. याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

१६ झाले. ७ नंबर अ‍ॅनेस्थेशियातून उठलाच नाही. श्वास मंदावला तेव्हा मी सिमेंट सुकायची वाट बघत बसले होते, हीटिंग पॅड थंड पडलंय हे बघितलं नाही. माझी चूक. १५.

सगळे आता एकेकटे पिंजऱ्यात, एकत्र ठेवले तर एकमेकांच्या डोक्यावरची सिमेंटची टोपी कुरतडतात. पण रॅटला एकटं ठेवणं हाच एक ताण आहे. पर्याय नाही, सगळ्या ग्रुपला सारखंच आहे म्हणायचं आणि पुढे जायचं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आजचा दिवस या प्रोजेक्टमधला सगळ्यात भारी. कॅन्युला जागेवर आहे का बघायची एक जुनी युक्ती आहे: अँजिओटेन्सिन २ मेंदूच्या पाण्यात सोडायचं, १०० नॅनोग्रॅम. तेही पेप्टाइडच, आठ अमिनो आम्लांचं. जागेवर असेल तर रॅटला काही मिनिटांत तहान लागते, पोटभर पाणी प्यायलेला असला तरी.

१ नंबरला दिलं, पिंजऱ्यात ठेवला, बाटली लावली. तोंड पुसलं. मिशा हलवल्या. दीड मिनिट काही नाही. मग एकदम वळला आणि बाटलीला लागला, गटागटा, थांबेना, पोटाखाली भुसा ओला होईपर्यंत. एवढ्याशा थेंबात काय सांगितलं असेल त्याला. काकांनाही बोलावून दाखवलं, ते म्हणाले मे महिन्यात ठाण्याच्या ब्रिजवर माणसं अशीच पितात.

१५ पैकी १३ प्यायले. दोन प्यायले नाहीत, त्यांचं शेवटी निळा रंग सोडून बघू कुठे गेलाय.

२० ऑगस्ट, मंगळवार

पेप्टाइड विरघळवली. एनपीवायची एक मिलीग्रॅमची बाटली, आत काही आहे असं वाटतच नाही, तळाशी श्वासाची वाफ धरावी तेवढं पांढरं. उघडायच्या आधी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून घेतली, नाहीतर झाकणाला चिकटलेलं उडून जातं आणि त्याच्यासोबत स्टायपेंड. कागदावर एक मिलीग्रॅम म्हणजे २३४ नॅनोमोल, रॅटमागे एक नॅनोमोल, म्हणजे सव्वादोनशे रॅट होतील असा हिशोब मी आधी केला होता. मग सर्टिफिकेट नीट वाचलं, त्या वजनात पाणी आणि मीठही धरलेलं असतं, निव्वळ पेप्टाइड त्याहून कमी. शिवाय ते काचेला चिकटतं, प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे लो-बाइंड ट्यूब. आणि पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं तर मरतं, म्हणून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० मध्ये, एका दिवसाची एक.

ज्युनिअरने विचारलं की एवढ्या भानगडी कशाला, याची गोळी का नाही करत. पोटात गेलं की प्रोटीनसारखं पचून जातं, रक्तात दिलं तरी मेंदूच्या दारावर अडतं. म्हणून मग लोकांनी रिसेप्टर, म्हणजे पेप्टाइड जिथे बसतं ती पेशीवरची जागा, अडवणारे छोटे रेणू केले, सीआरएफ-१ रिसेप्टरचे, प्राण्यांत छान चालले, आणि माणसांत त्यातलं पेक्सासरफाँट चिंताविकारावर तपासलं तर प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या, पुढे गेलं नाही. तो म्हणाला मग आपण कशाला करतोय. त्याला चहा आणायला पाठवलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

टेस्ट चालू, कालपासून. रोज चारच, संध्याकाळी ५ ते ८, रॅट निशाचर आहेत, तेव्हाच जरा जागे असतात. कोणाला काय दिलं त्याचा कोड मॅडमकडे, मला फक्त ए-बी दिसतं. आधी एक इंजेक्शन, १५ मिनिटांनी दुसरं, प्रत्येक वेळी पाच मायक्रोलिटर, दोन मिनिटांत हळूहळू, सुई एक मिनिट आत तशीच, नाहीतर औषध मागे येतं. अर्ध्या तासाने मेझ.

६:४० ला समोरच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली. खिडकीची काच थरथरते. काल पण होती म्हणे, काल मी हेडफोन लावून व्हिडिओ बघत होते. गेटवर जाऊन विचारलं तर पथकातली एक मुलगी म्हणाली विसर्जनापर्यंत रोज, सात ते नऊ, आज लवकर आलो. ताशाची एक कडक सर आली आणि मॉनिटरवर ५ नंबर जागच्या जागी गोठला, पुढचा पाय हवेत.

मला ढोल आवडतो हो. स्वतः दोन वर्षं वाजवलाय.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून ३:३० ला सुरुवात, साडेसहाच्या आत संपवायचं. म्हणजे पहिले दोन दिवस एका वेळेला आणि पुढचे दोन दुसऱ्या वेळेला. स्टॅटिस्टिक्सवाले सर मारतील.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. घरी. मूर्तीच्या पायाशी मूषक आहे, मोदक धरलेला, आईने मुद्दाम मला त्याच्यासमोर फूल ठेवायला लावलं. ठेवलं. ७ नंबरसाठी.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन, आज कॅम्पस झोपलेला. सकाळी मेंदूचे काप बघितले, न प्यायलेल्या दोघांत निळा रंग व्हेंट्रिकलच्या बाहेर, वर कॉर्टेक्समध्येच साचलेला. ते दोघे बाद. १३ राहिले. मग मॅडमनी कोड फोडला.

सीआरएफवाले बहुतेक आत, अपेक्षेप्रमाणे, आणि भिंतवाल्या फळ्यांमधल्या चकरा मात्र ठीकठाक, म्हणजे सुस्तावून आत बसले असं नाही. हे तपासावंच लागतं, नाहीतर गुंगीलाही आपण भीती समजतो. नुसत्या एनपीवायवाले बाहेर. इथपर्यंत पुस्तकातलं. गडबड सलाईनवाल्यांची. ढोलाच्या दोन दिवशी टेस्ट झालेले सलाईनवाले व्हिडिओत सीआरएफवाल्यांपासून ओळखता येत नाहीत, मी नंबर झाकून मॅडमना दोन क्लिप दाखवल्या, त्यांनी उलट सांगितलं. बाहेरून काही न देता त्यांनी आतलं स्वतःचंच काढलं असावं, असं मला वाटतं, लिहिता येणार नाही, मोजलेलं नाही. दुपारच्या दोन दिवसांचे सलाईनवाले मात्र पायलट २ सारखे.

आणि मिश्र ग्रुप, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, एनपीवाय आधी आणि सीआरएफ नंतर, तिथे तीन रॅट उरलेत. एक बाहेर, एक आत, एक पाचही मिनिटं मध्यभागी बसून अंग चाटत होता. मॅडम त्या तिसऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "दुसरी बॅच होईपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही."

१ ऑक्टोबर, मंगळवार

दुसऱ्या बॅचच्या १६ सर्जरी कालपर्यंत झाल्या, सगळे जिवंत, हीटिंग पॅडला आता थर्मामीटर चिकटवलाय.

परवा घटस्थापना. समोरच्या मैदानात आज मंडपाचे बांबू उतरले, नऊ रात्री गरबा. मग कोजागिरी, मग दिवाळीचे फटाके, आमच्या नवी मुंबईत शांत आठवडा फक्त परीक्षेच्या वेळापत्रकात असतो. म्हणून उजेड उलटा करायचा ठरलंय, मॅडमनी कमिटीला पत्र दिलं होतं, आज होकार आला: रात्री ९ ते सकाळी ९ दिवे चालू, दिवसा अंधार. रॅटची रात्र सकाळी सुरू होईल, टेस्ट १० वाजता, ढोल नाही गरबा नाही, फार तर शेजारच्या बांधकामाचा ड्रिल, तो बाराच्या आधी येत नाही हे आठवडाभर लिहून ठेवलंय. घड्याळ बदलायला त्यांना निदान दोन आठवडे, तेवढ्यात जखमाही भरतील.

टायमर काकांनीच लावला. खिडक्यांना काळा कागद, दाराच्या फटीला कापडाची गुंडाळी, धुवायच्या खोलीच्या दाराला सुताराकडून नवीन पट्टी. प्लग पॉइंट सगळे एकेक करून बघितले. ड्रॉवरमधली डबी तिथेच आहे, काका विचारत होते घरी नेऊ का, चाळीत फार झालेत. मी म्हटलं न्या.